आधी पूर्वपक्ष: आंतरमहाविद्यालयीन नीतिचर्चा स्पर्धेसाठी संघ कसा घडवावा

पहिल्या वर्षी मी आमच्या कॉलेजातले सगळ्यात फर्डे वक्ते निवडले. चौघांकडेही वक्तृत्वाच्या प्रमाणपत्रांच्या फायली होत्या, आवाज खणखणीत, अवतरणं तोंडपाठ. नीतिचर्चेच्या पहिल्याच फेरीत त्यांनी १० मिनिटं अगदी घंटेच्या ठोक्याला संपवली. मग एका परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही म्हणता तसं झालं तर सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं होईल? आणि ती व्यक्ती आत्ता इथे समोर बसली असेल तर तिला काय सांगाल?" चौघं एकमेकांकडे बघत राहिले. नुकसान कुणाचं, याचा विचार त्यांनी केला नव्हता, कारण मी त्यांच्याकडून तो करून घेतला नव्हता. मी त्यांना फक्त बाजू मांडायला शिकवलं होतं.

नंतरच्या वर्षांत नाशिकच्या मुलामुलींबरोबर तयारी करताना जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. संघात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे, आणि कॉलेजात असा संघ उभा करावा असं वाटणाऱ्या प्राध्यापकांसाठीही.

ही स्पर्धा नेमकी काय आहे

या प्रकाराची सुरुवात १९९३ साली शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये झाली. तिथले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक रॉबर्ट लॅडेन्सन यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ बसवला आणि काही वर्षांतच तो आंतरमहाविद्यालयीन, मग राष्ट्रीय पातळीवर गेला. तिकडे त्याला 'एथिक्स बोल' म्हणतात. आम्ही 'नीतिचर्चा' म्हणतो.

आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धेची सवय झालेल्याला इथे पहिला धक्का बसतो तो बाजूंचा. 'या सभागृहाचे असे मत आहे की…' असा विषय, कॉलेजातर्फे एक जण अनुकूल, एक प्रतिकूल, ही पद्धत आपल्या अंगवळणी पडलेली असते. नीतिचर्चेत बाजू वाटून दिलेल्या नसतात. दोन्ही संघांचं एकमत झालं तरी चालतं. प्रकरण काय आहे, त्यात कुणाकुणाचं काय पणाला लागलं आहे, तुम्ही कोणत्या निष्कर्षाला आलात आणि कसे आलात, एवढंच तपासलं जातं.

आपल्या परंपरेत यासाठी नेमके शब्द आहेत. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय ते ठरवण्यासाठी चालते तो वाद. जिंकण्यासाठी, वाट्टेल त्या युक्त्या वापरून चालतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं ही वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द आपण रोज वापरतो, पण पहिल्या दोहोंमधला फरक विसरलो आहोत. करंडकांच्या स्पर्धांनी आपल्याला जल्पात तरबेज केलं. इथे वाद करायचा आहे.

फेरी साधारण अशी चालते. १२ ते १५ प्रकरणांचा संच काही आठवडे आधी सगळ्या संघांना दिलेला असतो. त्यातलं कोणतं येणार आणि त्यावर कोणता प्रश्न विचारला जाणार हे मात्र टेबलावर बसल्यावरच कळतं. पहिल्या संघाला आपसात बोलायला २ मिनिटं आणि मांडणीला १० मिनिटं. मग दुसरा संघ ५ मिनिटं त्यावर भाष्य करतो, पहिला संघ ५ मिनिटांत भाष्याला उत्तर देतो, आणि शेवटी १० मिनिटं परीक्षकांचे प्रश्न. नंतर दुसरं प्रकरण आणि भूमिकांची अदलाबदल. सोबत टिपणं नेता येत नाहीत, कोरे कागद मात्र मिळतात. वेळा आणि गुण आयोजकांप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून नियमपत्रक हातात आलं की संघातल्या प्रत्येकाने ते स्वतः वाचावं. 'सर सांगतील' यावर राहू नये.

संघ निवडताना

टेबलावर ५ जण बसतात. मी ७ जणांचा गट धरते, कारण सहामाही परीक्षा, घरचं लग्न आणि द्राक्षाचा हंगाम या तिन्हींतून सुटून सगळे ५ जण कधीच एकत्र उरत नाहीत.

निवड चाचणी सोपी ठेवा. इच्छुकाला विचारा, "तुझं अगदी ठाम मत असलेला एक विषय सांग." विषय सांगितला की म्हणा, "आता याच्या उलट मत असलेल्या माणसाचं म्हणणं २ मिनिटांत असं मांड, की तो इथे असता तर मान डोलावून म्हणाला असता, हो, मला हेच म्हणायचं आहे." बहुतेक जण तिसाव्या सेकंदाला विरोधकाच्या तोंडी काहीतरी खुळचट वाक्य घालतात आणि ते खोडून मोकळे होतात. ज्याला किंवा जिला पूर्ण २ मिनिटं ते प्रामाणिकपणे मांडता येतं, त्यांना घ्या. आवाज लहान असला तरी घ्या. आवाज दोन महिन्यांत सुधारतो, ही गोष्ट फार हळू येते.

विषयांची सरमिसळ हवीच. आमच्या सर्वात चांगल्या संघात एक नर्सिंगची मुलगी होती, एक संगणकशास्त्राचा मुलगा, एक दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, दोन जणी कला शाखेच्या. नर्सिंगची मुलगी पहिले तीन आठवडे जवळजवळ गप्प होती. मरणासन्न रुग्णाच्या प्रकरणाला आम्ही हात घातला त्या दिवशी ती बोलायला लागली आणि उरलेल्या आम्ही सगळ्यांनी ऐकलं. इच्छामरणाबद्दलचा अरुणा शानबाग प्रकरणातला २०११ चा निकाल आणि २०१८ चा सन्मानाने मरण्याच्या हक्काचा निकाल बाकीच्यांनी वाचला होता. नातेवाईक कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांना नेमकं काय विचारतात, हे तिने ऐकलं होतं.

सोबत लोकसेवा आयोगाची तयारी करणारे बरेच जण येतात. २०१३ पासून केंद्रीय मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे, त्यामुळे त्यांना रस असतो. त्यांचं स्वागत करा, पण एक सवय सोडवावी लागते. पेपरात चार पर्याय लिहून मधला निवडला की भागतं. इथे 'मधला का?' हा प्रश्न लगेच येतो, आणि मध्य गाठणं हे काही कारण होत नाही.

प्रकरण कसं वाचायचं

मी प्रत्येक प्रकरण चार वेळा वाचून घेते, आणि चारही वाचनं वेगवेगळ्या दिवशी.

पहिलं वाचन पेन खाली ठेवून. काय घडलं एवढंच. दुसऱ्या वाचनात वहीच्या डाव्या पानावर वस्तुस्थितीची वाक्यं आणि उजव्या पानावर मूल्यांची वाक्यं उतरवायची. 'रुग्णालयात २ व्हेंटिलेटर आहेत' हे डावीकडे. 'तरुणाला आधी द्यावा' हे उजवीकडे. नवशिक्या संघांचे निम्मे गोंधळ या दोन पानांची सरमिसळ झाल्याने होतात. तिसऱ्या वाचनात माणसं मोजायची: प्रकरणात नाव असलेली, नाव नसलेली आणि प्रकरण लिहिणाराही विसरलेला. चौथं वाचन मोठ्याने, एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक परिच्छेदानंतर फक्त प्रश्न विचारायचे. या दिवशी मतं सांगायची नाहीत. फार जड जातं मुलांना, पण या एका दिवसाने पुढचे दहा दिवस वाचतात.

हे सगळं एका उदाहरणावर दाखवते, कारण पद्धत उदाहरणातच कळते. आपल्याच घरचं घेऊ.

सबंध उदाहरण: गंगापूरचं पाणी आणि जायकवाडी

प्रश्न असा: दुष्काळी वर्षात नाशिकच्या गंगापूरसारख्या धरणांतून, गोदावरीवरच खाली पैठणला असलेल्या मराठवाड्याच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडणं नैतिकदृष्ट्या योग्य आहे का?

नाशिकच्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न टाका, पहिल्या मिनिटात वाक्य येतं, "नाशिकचं पाणी नाशिकला." त्या वाक्याला हसू नका आणि खोडूही नका. फळ्यावर लिहून ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता डावं पान. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ सालचा. तुटीच्या काळात खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप व्हावं, हे तत्त्व त्यात आहे. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये गोदावरीच्या ऊर्ध्व, म्हणजे वरच्या, खोऱ्यासाठी पाणीवाटपाचं सूत्र दिलं आणि प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्यानुसार आदेश काढला. १५ ऑक्टोबरच्या सुमाराला साठ्यांचा आढावा घ्यायचा आणि जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या नाशिक आणि नगरच्या धरणसमूहांतून पाणी सोडायचं, हा त्याचा गाभा. २०२३ च्या हंगामात सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता. १ टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. नदीपात्रातून पाणी सोडलं की बाष्पीभवनात, जिरण्यात आणि वाटेतल्या उपशात त्यातलं काही जातंच, म्हणजे सोडलेलं आणि पोचलेलं पाणी सारखं नसतं.

एवढे आकडे तोंडपाठ हवेत, पण एकदाच सांगायचे. आकड्यांची बरसात केली की परीक्षकाला कळतं, मुलांना विचार करायचा नाही.

माणसं मोजायला बसलो तेव्हा मुलांनी लगेच सांगितलं: द्राक्षबागायतदार, शहरातले नळधारक, सातपूर-अंबडचे कारखाने, खाली संभाजीनगर आणि जालन्याची तहानलेली वस्ती, तिथला शेतकरी. दिंडोरीच्या मुलाने एक गोष्ट सांगितली जी आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात नव्हती. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास होते. छाटणी झाली की बाग थांबवता येत नाही. म्हणजे बागायतदाराने कर्ज काढून, मजूर लावून छाटणी करायची आणि त्याच पंधरवड्यात आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, मिळणार की नाही हे ठरायचं. नुकसानाबरोबर नुकसान कोणत्या तारखेला कळतं याचाही नैतिक हिशोब असतो, हे त्या दिवशी सगळ्या संघाला उमजलं.

आणि विसरलेली माणसं? दोन आठवडे कुणाच्याच लक्षात आली नाहीत. मग मी संघाला इगतपुरी आणि त्र्यंबकच्या बाजूला घेऊन गेले. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस तिथे पडतो. धरणांसाठी जमिनी तिथल्या लोकांच्या गेल्या. आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर लागतो. 'नाशिकचं पाणी' म्हणताना आपण ज्या नाशिकची कल्पना करतो त्यात हा पाडा नसतो. 'मराठवाड्याचं पाणी' म्हणतानाही नसतो. परतीच्या गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

आता उजवं पान. इथे कोणती मूल्यं एकमेकांना भिडतात? गरजेप्रमाणे मिळावं, हे एक. ज्याने भरवसा ठेवून कष्ट आणि पैसा घातला त्याचा भरवसा मोडू नये, हे दुसरं. जे कुणी निर्माण केलेलं नाही ते कुणा एकाचं नसतं, हे तिसरं. ज्यांनी त्याग केला त्यांना आधी मिळावं, हे चौथं. फळ्यावरच्या 'नाशिकचं पाणी नाशिकला' या वाक्याकडे आता परत या. त्यातला 'आमच्या हद्दीत पडलं' हा भाग टिकत नाही, कारण तो धरला तर सगळं पाणी इगतपुरी-त्र्यंबकचं होईल आणि नाशिक शहरालाही मागावं लागेल. पण त्यातला 'आम्ही या भरवशावर आयुष्य उभं केलं' हा भाग चांगलाच टिकतो. एका वाक्यातला कच्चा भाग आणि पक्का भाग असा वेगळा करता आला, की संघ तयार व्हायला लागला म्हणून समजा.

संघाने शेवटी जी भूमिका घेतली ती अशी होती. पिण्याच्या पाण्यासाठी सोडणं बंधनकारक मानावं, त्यावर घासाघीस नको. शेतीसाठी सोडताना मात्र दोन अटी: वाटेतली गळती मोजून जाहीर करावी आणि सोडण्याचा अंदाज छाटणीच्या निर्णयाआधी, सप्टेंबरातच, शेतकऱ्याला कळवावा. आणि धरणालगतच्या पाड्यांची तहान दोन्हीकडच्या शेतीच्या आधी.

भूमिका ठरली म्हणजे निम्मं काम झालं. आता पूर्वपक्ष. आपल्या शास्त्रचर्चेत आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडायचं, मग आपलं उत्तर, मग सिद्धांत, असा क्रम होता. या स्पर्धेसाठी याहून चांगली पद्धत मला सापडलेली नाही. आमच्या भूमिकेवर दोन बाजूंनी हल्ला होऊ शकत होता. पैठणचा शेतकरी म्हणेल, "आमचं धरण ज्या पाण्याच्या हिशोबावर बांधलं त्यावर तुम्ही वर धरणं बांधलीत. आता सोडताना अटी घालणारे तुम्ही कोण?" निफाडचा बागायतदार म्हणेल, "सप्टेंबरात कळवून काय उपयोग? वेल काही मला या वर्षी नको म्हणून गुंडाळून ठेवता येत नाही." दोन्ही हरकती खऱ्या आहेत. पहिलीला संघाने उत्तर दिलं: अट पाणी सोडण्यावर नाही, मोजण्यावर आहे, आणि मोजणीचा फायदा पैठणलाच आहे. दुसरीला पूर्ण उत्तर नव्हतं. मी त्यांना सांगितलं, नाही तर नाही म्हणा. "या निर्णयात बागायतदाराचं जे नुकसान होतं ते आमच्या अटींनी भरून निघत नाही. ते नुकसान समाजाने वाटून घ्यावं, एकट्या त्याच्यावर टाकू नये, एवढंच आम्ही म्हणू शकतो." हे वाक्य त्यांनी स्पर्धेत उच्चारलं आणि त्या फेरीत सर्वात जास्त गुण याच उत्तराला मिळाले.

भूमिका पक्की झाली की शेवटची कसोटी: हेच शब्द पैठणच्या घाटावर उभं राहून बोलाल का? गोदाघाटावर बोलायचं वाक्य आणि पैठणला बोलायचं वाक्य वेगळं होत असेल तर मांडणीत अजून लबाडी शिल्लक आहे.

सिद्धांत किती वाचावेत

थोडे, पण नीट. परिणामांचा हिशोब करणारा उपयुक्ततावाद, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये म्हणणारा कांट, आणि चांगला माणूस इथे काय करेल असं विचारणारी ॲरिस्टॉटलची सद्गुणनीती, एवढ्यावर पहिलं वर्ष निभतं. वैद्यकीय प्रकरणांसाठी चार तत्त्वं पाठ असू द्या: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, अहित न करणं, आणि न्याय.

मात्र मांडणीत 'कांटच्या मते' असं म्हणून थांबायचं नाही. नाव घेतल्याने मुद्दा सिद्ध होत नाही. ते तत्त्व या प्रकरणात का लागू पडतं, ते आपल्या शब्दांत सांगता यायला हवं, आणि सांगता आलं तर नावाची गरजही उरत नाही. नाशिकच्या मुलांना मी सांगते की रूढी आणि न्याय यांतला फरक समजून घ्यायला दूर जायला नको, काळारामाच्या पूर्व दरवाजासमोर जाऊन उभे राहा. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षं चालवला. 'पूर्वापार असंच चालत आलं आहे' हा युक्तिवाद त्या दारात उभा होता आणि 'आम्हीही माणसं आहोत' हा युक्तिवाद त्याच्यासमोर. पूर्वापार चालत आलेली गोष्ट योग्य ठरायला आणखी काहीतरी कारण लागतं, हे त्या जागेवर जितकं लख्ख कळतं तितकं पाठ्यपुस्तकात कळत नाही.

भाष्य आणि प्रश्न

बहुतेक संघ मांडणीत चांगले असतात आणि भाष्यात घसरतात. ५ मिनिटं मिळाली की जुनी सवय उफाळते आणि 'माझ्या सन्माननीय विरोधकांनी' सुरू होतं. इथे विरोधक नाहीत. भाष्याचं काम समोरच्या संघाचा विचार पुढे नेणं हे आहे.

माझा आग्रह असतो तो असा. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्यांची भूमिका एका वाक्यात सांगा आणि "आम्ही बरोबर समजलो ना?" या सुरात सांगा. मग त्यांनी केलेली एक गोष्ट खरोखर चांगली असेल तर तेवढी सांगा, खोटं कौतुक नको. मग फक्त दोन मुद्दे. सात नाही. सात मुद्दे फेकले की समोरचा सोपे तीन उचलतो आणि तुमचा सर्वात मोलाचा मुद्दा हवेत राहतो. दोन्ही मुद्दे त्यांच्या निष्कर्षाच्या मुळाशी जाणारे हवेत: "तुम्ही म्हणता संमती महत्त्वाची. मग ज्याला संमतीपत्रक वाचताच येत नाही त्याच्याबद्दल तुमचं तत्त्व काय सांगतं?"

उत्तर देणाऱ्या संघाने हरकत पटली तर भूमिका बदलावी का? बदलावी, पण किती बदलली ते सांगून. "तुमचं म्हणणं मान्य, त्यामुळे आमची दुसरी अट आम्ही अशी सुधारतो, पहिली मात्र यामुळे" असं स्पष्ट बोलावं. चूक मान्य केली की गुण जातात ही भीती मुलांच्या मनातून काढायला मला सर्वात जास्त वेळ लागतो. शाळेपासून आपण त्यांना उलटंच शिकवलेलं असतं.

परीक्षकांचे प्रश्न बहुधा तीन वळणांनी येतात. एक, प्रकरणातला एक तपशील बदलतात: हाच रुग्ण तुमचा भाऊ असता तर? कायदा उलटा असता तर? दोन, तुमचं तत्त्व दुसरीकडे लावून बघतात. तीन, शांतपणे विचारतात, "का?" तिन्हींना एकच तयारी लागते: आपल्या भूमिकेतलं काय हलू शकतं आणि काय हलणार नाही हे आधीच ठरलेलं असणं. प्रश्न आल्यावर एकमेकांकडे वळून पाच-सात सेकंद बोललात तरी चालतं. घाईने एकाने उत्तर द्यायचं आणि दुसऱ्याने ते सावरायचं, यापेक्षा ते पाच सेकंद फार बरे.

सरावाचे १० आठवडे

आम्ही आठवड्यातून तीनदा बसतो, दोनदा कॉलेजात आणि रविवारी सकाळी बाहेर कुठेतरी. पहिले ४ आठवडे फक्त वाचन आणि माणसांना भेटणं. या काळात स्पर्धेसारखी मांडणी अजिबात करू देत नाही, कारण एकदा सुंदर वाक्य सुचलं की विचार त्या वाक्याला चिकटून बसतो. पाचव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक प्रकरणाला एक पालक: त्या मुलाने किंवा मुलीने त्याची वही सांभाळायची, पण मांडणी दुसऱ्या कुणीतरी करायची. नाहीतर पालक आजारी पडला की प्रकरणही आजारी पडतं. शेवटचे २ आठवडे घड्याळ लावून पूर्ण फेऱ्या, आणि समोर अनोळखी परीक्षक. गावातले निवृत्त शिक्षक, एखादी वकील, दवाखान्यातली डॉक्टर, बाजार समितीत काम केलेला माणूस, यांना बोलवा. वसंत व्याख्यानमालेला गोदाघाटावर येऊन बसणारा श्रोता या शहरात आहे. त्याला नीट बोलावलं तर तो येतो आणि मुलांना सोडत नाही.

वाचनासाठी सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासूनची संस्था हाताशी आहे. मोबाइलवर शोधून मिळालेला मुद्दा आणि जुन्या वर्तमानपत्राच्या संचात स्वतः शोधलेला मुद्दा यांत मुलांच्या आवाजातसुद्धा फरक पडतो. आता मुलं यंत्राकडून तयार मांडणीही लिहून घेतात. मी बंदी घालत नाही, एवढंच करते: ती मांडणी सगळ्यांसमोर वाचायला लावते आणि प्रत्येक वाक्यापाशी विचारते, "हे तुला खरं वाटतं?" तिसऱ्या-चौथ्या वाक्याला वही मिटते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सराव नको. त्या दिवशी सकाळी पोटभर खाऊन निघा. मिसळ परत आल्यावर.

नाशिकमध्ये स्वतः भरवायची असेल तर

एका शहरातली ४ कॉलेजं पुरतात. एका दिवसात प्रत्येक संघाच्या ३ फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीला साधारण दीड तास धरा. प्रत्येक खोलीत ३ परीक्षक, एक सूत्रसंचालक, एक वेळ पाहणारा. परीक्षकांना आदल्या आठवड्यात एक तास बसवून गुणपत्रिका समजावून सांगा. हे टाळलंत तर वक्तृत्वाचे परीक्षक सवयीने आवाज, हावभाव आणि पाठांतराला गुण देतील आणि सगळी मेहनत वाया जाईल. आम्ही मांडणीला १५, भाष्याला १०, भाष्यावरच्या उत्तराला १०, परीक्षकांच्या प्रश्नांना २० आणि आदरपूर्वक चर्चेला ५ असे ६० गुण ठेवले आहेत.

प्रकरणं स्वतः लिहा, आणि जवळची लिहा. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची का, यावर २०२५ च्या अखेरीस शहर ढवळून निघालं. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि मे २०२४ मध्ये खुली झाली, त्या मधल्या महिन्यांत लासलगावचा शेतकरी आणि शहरातलं गरीब घर यांच्यापैकी सरकारने कुणाची आधी काळजी घ्यायला हवी होती? उसाच्या फडातून वस्तीत आलेल्या बिबट्याचं काय करायचं? सरकारी खर्चाने शिकलेल्या डॉक्टरने १ वर्ष गावात सेवा द्यावी ही सक्ती योग्य आहे का? प्रत्येक प्रकरण दीड-दोन पानांचं असावं, त्यात दोन्ही बाजूंची माणसं चालती-बोलती दिसावीत, आणि लिहिणाऱ्याचं मत कळू नये. हे शेवटचं फार कठीण आहे. म्हणून प्रकरण लिहून झालं की ते उलट मताच्या माणसाला वाचायला द्या आणि "तुझ्यावर अन्याय झालाय असं कुठे वाटलं?" असं विचारा. तो जिथे बोट ठेवेल ते वाक्य पुन्हा लिहा.

संच निदान ८ आठवडे आधी सगळ्या कॉलेजांना एकाच दिवशी पाठवा. मराठीतच पाठवा. ग्रामीण भागातल्या कॉलेजांची मुलं मराठी संच मिळाला की कशी बोलतात ते एकदा ऐकाच. आणि निकालानंतर गुणपत्रिका त्याच दिवशी संघांच्या हातात द्या, परीक्षकांच्या दोन ओळींच्या शेऱ्यासह. आमच्या पहिल्या संघाला त्या परीक्षक बाईंनी लिहून दिलेला शेरा माझ्या वहीत अजून चिकटवलेला आहे: "मुलांनो, छान बोललात. पुढच्या वेळी ज्याचं नुकसान होणार आहे त्याला आधी भेटून या."